तीन तास मागे

लोक भेटायला येत, दारातच चपला काढता काढता उसासा टाकत आणि म्हणत, "बिचारा! आईचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही हो त्याला."

बिचारा म्हणजे धाकटा. सदतीस वर्षांचा, दारातून आत येताना मान खाली घालावी लागेल एवढा उंच, बोटीच्या इंजिनात तेलपाणी बघणारा. आई गेली तेव्हा तो भर समुद्रात होता. आठवड्याने पोचला, आणि पोचल्यापासून बिचारा झाला. ते शेवटचं तोंड जिने तीन वर्षं रोज धुतलं, पुसलं, त्यात चमचा चमचा सूप घातलं, ती थोरली बहीण तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असे. तिच्याकडे वळून लोक म्हणत, "साखर जरा कमी घाल हं मला."

थोरलीला वाटे, ट्रे दाणकन आपटावा आणि विचारावं, मी बघितलं ते काय तोंड नव्हतं? पण ती गप्प बसे. चोराच्या मनात चांदणं. आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर हिरव्या कडेचं एक गोल घड्याळ होतं, ते तीन तास मागे होतं, आणि ते का मागे आहे हे सगळ्या जगात तिला एकटीला माहीत होतं.

थोरली बॉयलर सूट शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. बोटीवर जाणारी माणसं अंगावर घालतात ते गळ्यापासून पायापर्यंतचे सूट. तिथे कुणी बाह्या जोडी, कुणी चेन लावी, आणि थोरली अठ्ठावीस वर्षं फक्त खिसे लावत आली होती. छातीवर दोन, मागे दोन, मांडीवर पाना ठेवायला एक उभा. म्हणून तिचं नावच खिसेवाली पडलं. तिने लावलेल्या खिशांत हात घालून माणसं अर्धी दुनिया हिंडून आली, आणि ही बाई बंदराच्या फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. मास्तर म्हणायचा, "कापड फाटेल, पण खिसेवालीची शिवण उसवायची नाही." तशी ती चिवटच. बाप गेला तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवला, शिकवला, बोटीवरच्या कामाचा कोर्स करायला लावला, तो या खिशांच्या जिवावर. पण कौतुक जाणाऱ्याचं असतं. राहणाऱ्याचं काय, तो असतोच.

घरात घड्याळं दोन. स्वयंपाकघरातलं घरच्या वेळेचं आणि हे हिरव्या कडेचं धाकट्याच्या वेळेचं. बोट पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकत जाते तसं बोटीवरचं घड्याळ एकेक तासाने पुढे-मागे करतात. आईला हे सगळं तोंडपाठ होतं. धाकट्याचा मेसेज येई, "आज एक तास पुढे." लगेच आई म्हणे, "अगं, स्टूल घे." थोरली स्टुलावर चढून काटा फिरवी. आई पलंगावरून मान उंचावून विचारी, "झालं का?" थोरली म्हणे, "झालं गं, झालं."

आणि मग ती बाई त्या घड्याळावर जगायची! त्याची जेवणाची सुट्टी झाली की ही जेवणार. त्याची निजायची वेळ झाली की रेडिओ बंद. का, तर त्याची झोप मोडेल. तो कुठे, हजारो मैलांवर! थोरली दिवसभर मशिनीवर पाठ मोडून घरी यायची आणि तिला पहिला प्रश्न असायचा, "त्याचा काही मेसेज?" तू दमलीस का, पाय दुखतात का, आज मास्तर काय म्हणाला, काही नाही. सवतीचा मत्सर लोक सांगतात, जावेचा तर चघळून चघळून सांगतात. सख्ख्या भावाचा मत्सर मात्र कुणी सांगत नाही. थोरलीनेही कधी सांगितला नाही. तो तिच्या पोटात बसून राहिला आणि जेवणाखाण्यासकट वाढला.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तिचं डोकं ठणकत होतं. तशातच तिने भाज्या उकडल्या, गाळल्या, वाडगा आईसमोर धरला. आईने भिंतीकडे बघितलं. "त्याचे बारा वाजू देत. तो जेवेल, मग मी घेते."

सूप गार झालं, वर साय धरली. थोरलीने पुन्हा गरम केलं. ते पुन्हा गार झालं. तिसऱ्यांदा गॅस पेटवताना फोन वाजला. "आज एक तास पुढे. आईला सांग."

तिने मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. "नाही फिरवत, जा!" ती पातेल्याला म्हणाली.

त्या एका तासाचं तिला इतकं सुख झालं की काही विचारू नका. पुढच्या आठवड्यात दुसरा मेसेज आला, मग तिसरा. तिने तिन्ही पोटात घातले. आई आपली भिंतीकडे बघून म्हणत होती, "आता झोपला असेल गं." थोरली म्हणायची, "हो, झोपला असेल," आणि मनात हसायची. हसायची, खरं तेच सांगायला हवं.

एका फोनमध्ये धाकट्याने आईला सांगून ठेवलं होतं, "येत्या रविवारी आमची बोट किनाऱ्याजवळून जाईल. माझ्या बाराला, जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. तेवढा वेळच रेंज असेल." आईने ते मनाशी घट्ट धरलं. ती भिंतीवरचे बारा धरून बसली, हे थोरलीच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिने लक्षात येऊ दिलं नाही.

रविवारी दुपारी आई गोळी घेऊन झोपली. थोरलीने फोनचा आवाज बंद करून तो फळीवर चार्जिंगला लावला आणि मोरीत चादरी धुवायला बसली. हात पुसत बाहेर आली तर फोनवर तीन मिस्ड कॉल. समुद्रावर बारा वाजले होते. भिंतीवर नऊ. तिने उलटा फोन लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. तो लागला नाही. मग तिने ते तीन मिस्ड कॉल पुसून टाकले आणि चादरी वाळत घातल्या.

आई उठली ती खुशीत. "केस विंचर माझे. निळा स्वेटर दे. आज फोन आहे." तो काही बघणार होता थोडाच? पण नाही, निळाच हवा. उशांना टेकून, भिंतीवरच्या अकरापासून ती जी बसली ती दोन वाजेपर्यंत. तीन तास. फोन आला नाही. आणि एवढ्या वेळात करायचं काय, म्हणून ती थोरलीशी बोलत बसली. किती वर्षांत बोलली नव्हती इतकं बोलली, हसली, ठसका लागेपर्यंत हसली. शेवटी घरात अंधार पडायला लागला तेव्हा तिने थोरलीचा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं गं, नाही आला फोन."

दहा दिवसांनी आई गेली. थोरलीपाशी ते वाक्य राहिलं. बरं झालं, नाही आला फोन. लोक धाकट्याला मिठ्या मारत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे वाक्य मनात म्हणून बघायची. आई त्यापुढेही काहीबाही बोलली होती, त्याच्याविषयीच बोलणार, दुसरं काय. ते थोरलीने सोडून दिलं. तिला एवढंच पुरेसं होतं.

धाकट्याला दुसऱ्या बोटीचं बोलावणं आलं. दहा महिन्यांची सफर. "इतक्यात कशाला जातोस?" खालच्या काकू म्हणाल्या. तो म्हणाला, "नंबर सोडला तर पुन्हा वर्षभर बसावं लागेल." मग तयारीला लागला. साबण, दाढीचं सामान, अंगदुखीचं मलम, जाड मोज्यांच्या सहा जोड्या. दर वेळी ट्रंक आई भरायची. अंथरुणाला खिळल्यापासून पलंगावरून हुकूम सोडून भरून घ्यायची. लागेल ते वर, उशिरा लागेल ते तळाला. आता तो ट्रंकेसमोर मोजे हातात घेऊन बसे आणि एकदम रडू लागे. थोरली मोजे काढून घेई, गुंडाळे, कोपऱ्यात सारे. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. रडायलाही कुणीतरी बघणारं लागतं. याला सगळी आळी बघत होती.

"ताई, नव्या सुटाला आतून एक खिसा लावशील?" एकदा त्याने विचारलं. "आईचा फोटो ठेवायला."

घ्या! आता फोटोही दुनिया हिंडायला निघाला. तिने खिसा लावला. दुहेरी शिवण घातली, वर झाकणपट्टी लावली, बटण लावलं. काम वाईट करणं तिच्या हातांना येतच नव्हतं.

"आणि हे घड्याळ पण मी नेतो हं," तो म्हणाला. "केबिनमध्ये लावीन. बाकी मला काही नको."

थोरलीच्या हातातली कात्री तशीच राहिली. धाकट्याची एक सवय होती. मनगटावरचं घड्याळ तो जुन्या बोटीच्या वेळेवरच ठेवायचा, नव्या बोटीवर पाय ठेवेपर्यंत हात लावायचा नाही. एवढे दिवस तो पलंगावर भिंतीकडे पाठ करून बसत होता, तिकडे बघवत नव्हतं त्याला, म्हणून निभावलं होतं. भिंतीवरचं घड्याळ हातात घेतलं की मनगट शेजारीच येणार. मग तिन्ही तास बाहेर पडणार, आणि त्यांच्या मागोमाग तो रविवार. आईनंतर तिला या जगात हा एकच माणूस होता. ज्याच्यावर ती जळली तो, आणि तोच एक.

यात अवघड ते काय? काटा तीन तास पुढे करायला तीन सेकंद लागतात. तो बोटीसाठी तब्येतीच्या कागदावर डॉक्टरचा शिक्का आणायला गेला तेव्हा तिने स्टूल घेतलं, चढली, घड्याळाच्या पाठीवरच्या चाकाला बोट लावलं. आणि थांबली. हे घड्याळ बरोबर केलं की तो रविवार गेला. मग आई निळा स्वेटर घालून बसली होती ती कुठल्या वेळेत बसली होती? ते तीन तास या मागे राहिलेल्या काट्यांतच होते. हवे होते ते त्याला, पण मिळाले होते तिला. ती खाली उतरली आणि स्टूल जागेवर ठेवलं.

जायच्या दिवशी सहाला गाडी येणार होती. दुपारी तीनच्या सुमाराला त्याने घड्याळ भिंतीवरून काढलं, बाहीने पुसलं, सुटात गुंडाळायला मांडीवर घेतलं. थोरली दारात उभी होती. त्याने सहज मनगट वळवलं.

"ताई, हे मागे आहे."

"सेल उतरला असेल."

"सेल उतरला की घड्याळ थांबतं. बरोबर तीन तास मागे पडून नीट चालत नाही." इंजिनवाल्याला यंत्राबद्दल थापा मारून चालत नाहीत. त्याने वर बघितलं. "मी तीन मेसेज पाठवले होते."

"हो."

"मिळाले नाहीत?"

"मिळाले. मी नाही फिरवलं." तिने एका दमात सांगून टाकलं. "माझा जळफळाट झाला म्हणून नाही फिरवलं. ती तुझ्या घड्याळावर जेवायची आणि मी वाडगा धरून उभी. तीन वर्षं!"

हिशोब त्याच्या तोंडावर चाललेला दिसत होता. "म्हणजे त्या रविवारी मी फोन केला तेव्हा…"

"भिंतीवर नऊ वाजले होते. ती झोपली होती, मी मोरीत होते. उठल्यावर केस विंचरून बसली. तुझ्या बाराची वाट बघत."

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"नाही."

"आणि मला म्हणालीस, फोन आलाच नाही, रेंज नसेल!"

त्याने घड्याळ पलंगावर पालथं टाकलं आणि चपला न घालता धाडधाड जिना उतरून गेला. थोरली ट्रंकेच्या काठावर बसली. झालं ते बरंच झालं, तिच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं की रागावून तडक निघून जाता येतं तेसुद्धा यालाच. ती रागावली असती तर कुठे गेली असती? फार तर मोरीत.

दहा-पंधरा मिनिटांनी तो वर आला. डोळे लाल. "खालच्या काकू भेटल्या. पुन्हा बिचारा म्हणाल्या," तो म्हणाला आणि जमिनीवरच बसला. मग त्याने विचारलं, "किती वेळ बसली होती?"

"तीन तास."

"गप्प?"

"छे. बोलत होती."

"तुझ्याशी?"

"मग काय भिंतीशी?"

"तीन तास?" त्याने मान वर केली, आणि थोरलीने त्याच्या तोंडावर जे बघितलं ते तिला तत्काळ ओळखू आलं. इतकी वर्षं ते तिच्या पोटात होतं, ती नाही ओळखणार तर कोण ओळखणार? "मला शेवटच्या फोनला चार मिनिटं मिळाली होती," तो म्हणाला. "त्यातली दोन 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यात गेली. तीन तास खाल्लेस तू माझे, ताई."

"हो. खाल्ले."

"मग सांग."

"काय सांगू?"

"काय काय बोलली ते. सगळं. गाडी सहाला आहे."

सांगायचं? ते तिचं होतं. सगळं आयुष्य याला देऊन झाल्यावर हातात राहिलेलं तेवढंच होतं, आणि हा त्यातही वाटा मागत होता. पण त्याने ट्रंक पुढे ओढली होती आणि लहानपणी भुकेला होऊन ताटासमोर बसायचा तसा बसला होता. थोरलीने मोज्यांची जोडी उचलली, गुंडाळली आणि सांगायला सुरुवात केली.

आई सायकल शिकताना दूधवाल्यावर जाऊन आदळली होती ते सांगितलं. बापाच्या घोरण्यावर शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला होता, "मी नव्हे, ही घोरते," आणि आईने ते नाव वर्षानुवर्षं सोसलं, ते सांगितलं. थोरली पाच वर्षांची असताना बाजारात भलत्याच बाईचा पदर धरून तिच्या घरापर्यंत गेली होती, ते सांगितलं. धाकटा "मग?" म्हणत होता, "मग काय म्हणाली?" म्हणत होता. मध्येच हसला, मध्येच नाक पुसलं. एक गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली. ट्रंक भरत आली. उशिरा लागेल ते तळाला, लागेल ते वर.

सहाला दहा कमी होते. "आणि शेवटी?" त्याने विचारलं.

"शेवटी काही नाही. मी दिवा लावला."

"काहीतरी म्हणाली असेल ना गं."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण एवढं सगळं दिल्यावर जीभ थांबली नाही, आणि थोडी टोचायचीही हौस होतीच, खोटं का बोला. "म्हणाली, बरं झालं गं, नाही आला फोन."

त्याचा चेहरा खाडकन उतरला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो उठायला लागला, त्याला ट्रंकेची कडी सापडेना. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा तो असाच बापाच्या चपला शोधत होता. थोरलीला ते बघवलं नाही.

"थांब. पुढेही म्हणाली." सोडून दिलेलं तिला आता आठवून आठवून सांगावं लागत होतं. "म्हणाली, 'आला असता तर मी खडखडीत आहे असं सांगावं लागलं असतं. आणि त्याला लगेच कळलं असतं, माझा आवाज त्याला पक्का ठाऊक. मग तिकडे दाही दिशांना पाणी आणि हा जिवाला घोर लावून बसला असता. त्याच्यासाठी मला बरं असल्याचं सोंग करावं लागतं गं. तुझ्यापाशी…'"

थोरली अडखळली. हे वाक्य तिने कानांनी ऐकलं होतं, पण ऐकलं नव्हतं. आई त्याचं कौतुक सांगायला लागली म्हणून ती तेवढ्यात दिवा लावायला उठली होती.

"तुझ्यापाशी काय?" धाकटा म्हणाला.

"'तुझ्यापाशी नाही करावं लागत,'" ती म्हणाली. "'तुझ्यापाशी मी आजारी असू शकते.'"

आणि मग त्या खिसेवालीला महिन्याभरात पहिल्यांदा रडू फुटलं, ते असं की हॉर्न तीनदा वाजला तरी थांबेना. धाकट्याने तिचं डोकं आपल्या नव्या सुटावर धरलं. आतल्या खिशाचं बटण तिच्या कपाळाला टोचत होतं.

जाताना त्याने घड्याळ उचललं आणि स्टुलावर न चढता, नुसता हात उंच करून पुन्हा खिळ्याला अडकवलं. "राहू दे इथेच. मेसेज पाठवीन."

"आणि मी नाही फिरवलं तर?"

"तर तुलाच केस विंचरून बसावं लागेल," तो म्हणाला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन जिना उतरला. खालून काकूंचा आवाज आला, "बिचारा निघाला गं!" थोरलीने दार जरा जोरातच लावलं.

बोटीवर चढल्यावर पहिला मेसेज आला, त्यात नव्या बोटीची वेळ होती. तिने ती लावली. आठव्या दिवशी दुसरा आला. "आज एक तास मागे." थोरली नुकतीच कामावरून आली होती, समोर चहा होता. तिने कपावर बशी झाकली, स्टूल घेतलं, चढली, काटा मागे फिरवला. चहा गार झाला असणार. उतरताना पलंगाकडे वळून ती सवयीने म्हणाली, "झालं गं, झालं."